शीतगृहाचं तापमान-निरीक्षण: मागणी अर्धवट, नग अनिश्चित. प्रकल्प कसा बांधावा?

निफाड_एम्बेडेड
द्राक्षांचं शीतगृह, ४ चेंबर. मालकांची मागणी एवढीच: तापमान मोबाईलवर दिसावं आणि बिघडलं तर फोन यावा. आणखी जागा जोडायच्या का, ते हंगाम कसा जातो त्यावर ठरेल. म्हणजे तापमान मोजून पाठवणारे बॉक्स ४ लागतील की ४०, सांगता येत नाही. स्वतःचा पीसीबी (सर्किटची छापील पाटी) आत्ताच काढावा का? वायफाय घ्यावं की सिम? कोटेशन कशाच्या आधारावर द्यावं?

पॅनेलवायर
पीसीबी आत्ता नको. आधी कोणती चूक निस्तरायला महाग पडेल ते बघा. सर्व्हर आणि ॲप नंतर बदलता येतं. फर्मवेअर (बॉक्समधला प्रोग्राम) दुरून बदलता येतं, त्यासाठी दोन पार्टिशनचं ओटीए (नेटवर्कवरून अपडेट, नवा प्रोग्राम फसला तर जुना चालू राहतो) पहिल्या दिवसापासून ठेवा. पण माल भरलेल्या चेंबरमधला सेन्सर हंगामात बदलता येत नाही. सगळी डोकेफोड तिथे करा.

द्राक्षं शून्य अंशाच्या आसपास ठेवतात. डीएस१८बी२० या स्वस्त डिजिटल सेन्सरमध्ये ±०.५ अंशाचा फरक धरावा लागतो, इथे तो चालणार नाही. क्लास ए पीटी१०० (प्लॅटिनमचा सेन्सर, तापमानाबरोबर रोध बदलतो) घ्या, शून्याला ±०.१५ अंश, आणि तीन वायरचाच, म्हणजे केबलचा रोध वजा करता येतो. त्याचा रोध अंशाला ०.३८५ ओहमने बदलतो. दोन वायरच्या जोडणीत केबलचा नुसता ०.४ ओहम मिळाला की वाचन १ अंशाने जास्त येतं. ही चूक घातक आहे, कारण ऑपरेटर ते वाचन बघून तापमान आणखी उतरवतो आणि माल गोठतो.

लावण्याआधी प्रत्येक प्रोब (केबलच्या टोकाचा सेन्सर) बर्फात तपासा. थर्मासमध्ये बारीक ठेचलेला बर्फ, फटी भरतील इतकंच डिस्टिल्ड पाणी, प्रोब मधोमध, तळाला किंवा भिंतीला न टेकवता, १५ मिनिटं. शून्यापासून जो फरक येईल तो त्या प्रोबच्या नंबरासह फर्मवेअरमध्ये नोंदवा.

पफ पॅनेलचे (चेंबरच्या फोम भरलेल्या भिंतींचे) पत्रे सिग्नल अडवतात, म्हणून बॉक्स बाहेर आणि आत फक्त प्रोब. केबलचं भोक फोमने बंद करा. गार केबलला बाहेर घाम सुटतो. बॉक्समध्ये शिरण्याआधी तिला खाली झोल द्या, नाहीतर पाणी थेट टर्मिनलवर उतरतं.

मोडबस_४८५
सिम घ्या. लाईट गेली की राउटरही बंद पडतो आणि अलार्मची खरी गरज तेव्हाच असते. ४जी कॅट-१ (कमी वेगाचं, अशा उपकरणांसाठीचं) मॉड्यूल आणि लिथियम-आयन बॅटरी, दोन्ही चेंबरबाहेर. शून्याखाली ही बॅटरी चार्ज करायची नसते.

दर ५ मिनिटांनी १ नोंद म्हणजे दिवसाला २८८. एका बॉक्सवर १२ प्रोब धरले तरी ३२ बाइटमध्ये नोंद बसते, त्यामुळे ३० दिवसांचा साठा पावणेतीनशे केबीत मावतो. नेटवर्क गेलं तर साठवा, आलं की पाठवा. नोंदीवर वेळ बॉक्समधल्या घड्याळाची घाला, सर्व्हरची नको. एमक्यूटीटी (नोंदी सर्व्हरला पाठवायची पद्धत) क्यूओएस १ वर, म्हणजे पोच मिळेपर्यंत पुन्हा पाठवताना, तोच संदेश दोनदा येऊ शकतो, म्हणून नोंदीला क्रमांक द्या.

निफाड_एम्बेडेड
मालकांना ५ मिनिटांत अलार्म हवा आहे. डिफ्रॉस्टमध्ये (कूलरवर साचलेला बर्फ वितळवताना) तो रोज वाजेल ना?

मोडबस_४८५
वाजेल, आणि आठवडाभरात लोक फोन सायलेंटवर टाकतील. दोन प्रोब लावा: एक कूलरकडे परतणाऱ्या हवेत, एक क्रेटमध्ये घडांच्या मधे. हवा डिफ्रॉस्टला आणि दार उघडल्यावर चढते, माल सावकाश तापतो. पहिले ७ दिवस फक्त नोंदी घ्या. डिफ्रॉस्टनंतर हवा पूर्ववत व्हायला २५ मिनिटं लागत असतील तर हवेच्या अलार्मला ४० मिनिटांचा विलंब ठेवा. लाईट गेल्याचा अलार्म मात्र लगेच. मालकांकडून एवढं लिहून घ्या: रात्री २ वाजता फोन कोणाला, त्याने उचलला नाही तर पुढे कोणाला, आणि उचलणारा काय करणार. याचं उत्तर मिळालं की निम्मी मागणी आपोआप स्पष्ट होते.

दरपत्रक
कोटेशनचे तीन तुकडे करा. पहिला: १ चेंबर, ४ आठवडे, ठरलेली रक्कम, फुकट नाही. दुसरा: उरलेले ३ चेंबर, दर पहिल्या तुकड्याच्या नोंदी बघून. तिसरा: १० आणि ४० नगांचे वेगळे दर, मुदत ३० दिवस. सिम कोणाच्या नावावर, रीचार्ज कोणाचा आणि दर वर्षीची बर्फचाचणी कोण करणार, हेही त्यातच लिहा.

४० ची ऑर्डर हातात येईपर्यंत तयार बोर्ड डिन रेलवर (उपकरणं अडकवायची धातूची पट्टी) बसवा. पुढे पीसीबी केलात तरी ४जी मॉड्यूल वेगळ्या प्लग-इन बोर्डवर ठेवा, म्हणजे मॉड्यूल बाजारातून गायब झालं तर सगळी पाटी नव्याने काढावी लागणार नाही. भारतात लागणारी सरकारी मंजुरी असलेलंच मॉड्यूल निवडा. लोराचा (सिमशिवाय लांब पल्ल्याचा, कमी विजेचा रेडिओ) विचार असेल तर भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ विनापरवाना आहे, पण ४ चेंबरना त्याची गरज नाही.

काम पूर्ण झालं हे कसं ठरणार, तेही आधीच लिहा. मेन स्विच पाडायचा, फोन येतो का बघायचं. मग सिम २ तास काढून ठेवायचं. परत घातल्यावर सर्व्हरवर त्या वेळेच्या २४ नोंदी दिसल्या पाहिजेत, एकही कमी नाही आणि एकही दुहेरी नाही. तेवढं झालं की शेवटचा हप्ता.