व्हर्जिनिया फ्लेक: जीभ न चुरचुरता शेवटपर्यंत गोडवा टिकेल असा कोणता घ्यावा?

धुरकट:
पाइपच्या सुगंधी तंबाखू मिश्रणांचा वरून दिलेला वास आता नकोसा झाल्यामुळे, ज्यात तंबाखूच्या पानाचीच चव लागते अशा व्हर्जिनिया फ्लेककडे (व्हर्जिनिया जातीच्या पानांच्या दाबलेल्या वडीचे काप) मी वळलो आहे. सध्या माझ्याकडे फिकट पिवळ्या पानाचा एक फ्लेक आहे. डबा उघडताच वाळलेल्या गवताचा फार सुरेख वास येतो आणि सुरुवातीचे झुरके गोडही लागतात. मात्र पाइपची वाटी (तंबाखू भरायचा खळगा) निम्मी होईपर्यंत जिभेचा शेंडा चुरचुरू लागतो, पाइप हातात धरवत नाही इतका तापतो आणि पुढे चवीऐवजी नुसती गरम वाफ उरते. हा गुण पानाचा आहे की ओढण्याच्या पद्धतीचा, हे जाणकारांनी कृपया सांगावे. त्याचबरोबर शेवटपर्यंत गोडवा टिकवणारा एखादा फ्लेकही सुचवावा. लटाकिया (धुरावर वाळवलेले उग्र वासाचे पान) असलेले मिश्रण मला नको आहे.

ब्रायर:
दोन्ही कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत. व्हर्जिनियाचे पान भट्टीत, धूर लागू न देता, केवळ उष्ण हवेने काही दिवसांत वाळवले जाते. त्यामुळे पानातील स्टार्चची साखर होते आणि ती खर्च होण्यापूर्वीच पान वाळून जाते. उलट बर्ली या दुसऱ्या जातीच्या तंबाखूचे पान हवेवर कित्येक आठवडे सावकाश वाळत असल्याने त्यात साखर जवळजवळ उरतच नाही. साखर भरपूर असलेल्या पानाचा धूर आम्लधर्मी असतो आणि अशा धुरातील निकोटीन तोंडात कमी शोषले जाते. माझ्या मते खरी अडचण इथेच सुरू होते, कारण धूर सौम्य वाटतो म्हणून ओढणारा नकळत भरभर झुरके घेतो, निखारा तापतो, आणि आम्लधर्मी धूर व गरम वाफ एकत्रितपणे जिभेवर येतात.

फ्लेकमध्ये ओलाव्याचा प्रश्न अधिक तीव्र होतो. पाने दाबाखाली ठेवून त्यांची घट्ट वडी बनवतात आणि तिचे पातळ काप करतात, त्यामुळे पान सावकाश जळते हे खरे असले तरी आतला दमटपणाही सहजी बाहेर पडत नाही. म्हणून काप मोकळे करून, भरण्यापूर्वी कागदावर पसरून ठेवावेत. चिमूट दाबून सोडल्यावर ती हळूहळू उलगडली पाहिजे. गोळा तसाच राहिला तर पान अजून ओले आहे, आणि कुरकुरून चुरा झाला तर ते प्रमाणाबाहेर वाळले आहे.

माझी शिफारस सॅम्युअल गॅविथच्या फुल व्हर्जिनिया फ्लेकची आहे. इंग्लंडमधील केंडल येथील या घराण्याची परंपरा १७९२पासूनची आहे. या फ्लेकचे काप जाड व गडद तपकिरी असतात, गवताळ तिखटपणा जवळजवळ नाहीसा झालेला असतो, आणि मनुका व खजुराकडे झुकणारा दाट गोडवा वाटी संपत येते तसा वाढत जातो. डब्यातून तो फारच ओला निघतो, त्यामुळे वाळवण्यात हयगय करू नये.

मंद झुरका:
फुल व्हर्जिनिया उत्तम आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु नवख्या माणसाने त्यापासून सुरुवात करावी, हे मला पटत नाही. तो पेटता ठेवायलाच कष्ट पडतात, आणि विझू नये म्हणून जोराने ओढले की मूळ तक्रार परत उभी राहते. कॅपस्टनचा निळ्या डब्यातील फ्लेक पातळ कापांचा असून सहज मोकळा होतो; त्याची चव पावाच्या भाजलेल्या कडेसारखी, मध्यम गोड आहे. डेन्मार्कचा ऑर्लिक गोल्डन स्लाइस्ड अधिक उजळ व लिंबूवर्गीय आहे आणि त्यात किंचित पेरीक असते. पेरीक म्हणजे लुइझियानातील सेंट जेम्स परगण्यात पिंपांमध्ये दाबाखाली आंबवलेले पान. त्याची मिरीसारखी झणझण आणि आंबूस फळांचा वास व्हर्जिनियाच्या साखरेला तोल देतात. अगदी निर्भेळ व्हर्जिनियाचा आग्रह नसेल तर हा जरूर पाहावा.

भरण्याविषयीही लिहितो. काप दुमडून तसाच वाटीत बसवला तर तो अतिशय संथ जळतो, पण पेटवताना कसब लागते; म्हणून सध्या तो पूर्ण चोळून मोकळा करावा आणि सैल भरावा. पहिली काडी केवळ वरचा थर फुलून यावा यासाठी असते. तो टँपरने (तंबाखू दाबायच्या छोट्या दांडीने) अलगद दाबून मगच दुसरी काडी लावावी. मध्येच विझला तर विझू द्यावा आणि शांतपणे पुन्हा पेटवावा. व्हर्जिनियाची चव मंद निखाऱ्यावरच उघडते. जीभ दुखावलेली असताना पाइप बंदच ठेवावा. धूर छातीत न घेणाऱ्यालाही तोंडाच्या कर्करोगाचा धोका असतो, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण असेल तर तो तंबाखूच्या माथी मारून न थांबता डॉक्टरांना दाखवावा.

धुरकट:
दोघांचेही मनापासून आभार. आधी कॅपस्टन आणि नंतर फुल व्हर्जिनिया, असा क्रम ठरवतो. हाती असलेल्या पिवळ्या फ्लेकचे काय करावे?

ब्रायर:
तो टाकू नका. स्वच्छ, कोरड्या काचेच्या बरणीत घट्ट बंद करून अंधाऱ्या, थंड जागी ठेवा आणि वरचेवर उघडू नका. व्हर्जिनिया मुरण्यासाठी प्रसिद्ध आहे. काही वर्षांत पान गडद होते, गवताळ धार बोथट होते आणि गोडवा अधिक गोलसर लागतो. मुरवण्यासाठी ठेवताना मात्र तो वाळवू नये, डब्यात होता तितकाच ओलसर ठेवावा.