ओढा ओलांडल्यापासून स्टिअरिंग जड. पंप बदलूनही आवाज कायम

मावळवाट (प्रश्न)

नमस्कार. माझ्याकडे 2012 सालची डिझेल जीप आहे. 4×4, स्टिअरिंग हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने हलके होणारे, आणि तो दाब देणारा पंप बेल्टवर फिरणारा. मुळशीच्या बाजूला आमची शेती आहे आणि पावसाळ्यात शेवटचे दोन किलोमीटर दगडांतून आणि एका ओढ्यातून जावे लागते. जून महिन्यात पाणी बंपरला लागलेले असताना गाडी पलीकडे काढली आणि पुढच्याच आठवड्यापासून पंप गुरगुरू लागला. सकाळी आवाज कमी असतो. पंधरावीस मिनिटे दगडांतून चालवल्यावर तो वाढतो आणि आयडलिंगला स्टिअरिंग दोन्ही बाजूंना सारखेच जड होते. ॲक्सिलरेटर थोडा दाबला की हलके होते. गॅरेजमध्ये पंप बदलून घेतला. आठ दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच सुरू झाले. तेल कुठेही गळत नाही; गाडीखाली रात्रभर पुठ्ठा ठेवून पाहिला, तो कोरडा निघाला. मग बिघाड स्टिअरिंग बॉक्समध्ये, म्हणजे स्टिअरिंगचे फिरणे चाकांकडे पोहोचवणाऱ्या पेटीत, असेल का? बॉक्स उघडण्याचा खर्च करण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे.

पाना_पक्कड

बॉक्स इतक्यात उघडू नका. बॉक्समधला व्हॉल्व्ह किंवा सील बिघडले, तर बहुधा एकाच बाजूला वळवताना जडपणा जास्त जाणवतो. तुमच्याकडे तो दोन्हीकडे सारखा आहे आणि पंपाचा आवाजही आहे, त्यामुळे माझा संशय तेलात शिरणाऱ्या हवेवर आहे. गाडी पंधरा मिनिटे चालवून, इंजिन सुरू असतानाच स्टिअरिंगच्या तेलाच्या डब्यात टॉर्च मारून पाहा. तेलावर फेस असेल आणि इंजिन बंद करताच तेलाची पातळी वर चढत असेल, तर हवा आहे हे निश्चित समजा.

गळती दिसत नाही म्हणून गळती नाही, असे या यंत्रणेत म्हणता येत नाही. पंपाकडून बॉक्सकडे जाणाऱ्या पाइपात चाके पूर्ण वळवल्यावर दाब 80 ते 100 बारच्या आसपास जातो, म्हणून तिथली फट तेल बाहेर फेकते; पण डब्यातून पंपाकडे येणाऱ्या पाइपात पंप तेल ओढत असतो आणि तिथली फट बाहेरची हवा आत घेते. इंजिन बंद असताना त्या फटीवर डब्यातल्या तेलाच्या उंचीइतकाच दाब राहतो, त्यामुळे पुठ्ठ्यावर थेंबही न पडणे अगदी शक्य आहे. पंप बदलताना त्या पाइपाचे टोक आवळणारी क्लिप नव्याने आवळली गेली असणार आणि तेलही ताजे भरले असणार. आठ दिवस बरे जाण्याचे कारण मला तेच वाटते.

तपासणी सोपी आहे. इंजिन बंद ठेवून ओढीच्या पाइपाच्या दोन्ही टोकांना, क्लिपभोवती, घट्ट ग्रीस थापा आणि मग गाडी सुरू करा. आवाज कमी झाला, तर जागा सापडली. दाबाच्या पाइपावरून मात्र हात फिरवून गळती शोधू नका. तिथून निघणारी तेलाची बारीक धार कातडीच्या आत घुसते. तिथे पुठ्ठाच वापरावा.

घाटमाथा_डिझेल

वरच्या मताशी सहमत आहे, पण तेलाचा रंगही पाहा. लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल, जे स्टिअरिंगमध्येही भरतात) जर गुलाबाचे सरबत घातलेल्या दुधासारखे फिकट दिसत असेल, तर आत पाणी गेलेले आहे. तापलेला डबा थंड ओढ्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि झाकणाच्या श्वासछिद्रातून पाणी आत ओढले जाते. असे तेल वापरत राहिलात, तर नवा पंपही आतून गंजेल.

सगळे तेल बदला. कोणते भरायचे ते झाकणावर किंवा पुस्तिकेत पाहा; दुकानदार देईल ते भरू नका. पुढची चाके जॅकवर उचलून खाली स्टँड लावा. इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पंधरावीस वेळा सावकाश फिरवा आणि डबा रिकामा पडू देऊ नका. बुडबुडे थांबल्यावरच इंजिन सुरू करा आणि तीच क्रिया आयडलिंगवर पुन्हा करा. शेवटच्या टोकाला स्टिअरिंग पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नये; तिथे जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल झपाट्याने तापते. घाईने इंजिन आधीच सुरू केले, तर हवेचा बारीक फेस होतो आणि तो निवायला तास-दोन तास लागतात.

कातळशिल्पी

एक गोष्ट राहून जाते आहे. चाके उचललेली असतानाच ड्रॉप आर्मपासून (स्टिअरिंग बॉक्सचा दांडा) ड्रॅग लिंक (तिथून चाकांकडे जाणारा दांडा) सोडवा आणि चाके हाताने वळवून पाहा. ती अडखळत असतील, तर चिखलाने किंग पिनचे (ज्या खिळीवर चाक वळते) बेअरिंग किंवा टाय रॉडचे (दोन्ही चाके जोडणारा दांडा) बॉल जॉइंट धरलेले आहेत आणि त्याचा भार पंपावर पडतो आहे. टायर मूळ मापापेक्षा रुंद आहेत का, आणि दगडांत हवा किती ठेवता, हेही कळवा. बेल्टचा ताणही पाहा, कारण सैल बेल्ट ओला झाला की आयडलिंगला घसरतो. मात्र त्याचा आवाज किंचाळल्यासारखा असतो, गुरगुरल्यासारखा नसतो.

मावळवाट

सर्वांचे मनापासून आभार. फेस होता, आणि इंजिन बंद केल्यावर पातळी जवळजवळ बोटाच्या एका पेराइतकी वर आली. ग्रीस थापल्यावर आवाज निम्म्यावर आला. पाइप काढून वाकवला, तेव्हा पंपाकडच्या टोकाला, नेमकी क्लिपच्या पट्टीखाली, नखाएवढी चीर उघडली. पाइप सरळ असताना ती दिसतही नव्हती. तेल फिकट गुलाबी झाले होते. ड्रॅग लिंक सोडवल्यावर चाके मोकळी फिरली. टायर मूळ मापाचेच आहेत आणि बेल्टही ठीक आहे.

ओढीचा पाइप आणि दोन्ही क्लिपा नव्या घातल्या, तेल दोनदा बदलले आणि सांगितलेल्या रीतीने हवा काढली. काल भरल्या गाडीने तोच चढ चढलो. आयडलिंगला स्टिअरिंग दोन बोटांनी वळते आहे. काढलेला जुना पंप कदाचित चांगलाच असेल, म्हणून त्यात स्वच्छ तेल भरून दोन्ही तोंडे बंद करून ठेवला आहे.