प्रतिसाद: ब्लॉन्डीचं पिस्तूल 'कोल्ट ४५' नव्हे

मूळ लेखात म्हटलंय की वेस्टर्नमधल्या (अमेरिकन काउबॉयपटांमधल्या) सगळ्याच नायकांकडे १८७३ची कोल्ट ४५ (रिव्हॉल्व्हर) असते. बहुतेकांकडे असते, हे खरंच. पण 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'मधल्या ब्लॉन्डीकडे १८५१ची कोल्ट नेव्ही आहे, मुठीवर चांदीचा साप असलेली. कथा १८६२च्या, अमेरिकेच्या यादवी युद्धातली, म्हणजे मॉडेल काळाला धरून आहे. चूक काडतुसांची आहे: चित्रपटात तो धातूची काडतुसं भरतो. मूळ नेव्हीत फिरत्या चक्रीच्या प्रत्येक घरात दारू आणि शिशाची गोळी ठासावी लागे, मागे ठिणगी पाडणारी टोपी बसवावी लागे. धातूची काडतुसं घेणारे बदल त्यात १८७०नंतर झाले.

तरी हॉटेलच्या खोलीतला तो प्रसंग परत बघाच. पिस्तूल सुटं करून टेबलावर ठेवलंय, बाहेर सैन्य चाललंय. सैन्य थांबतं आणि जिन्यात स्परचा (बुटाच्या टाचेवरच्या काट्याचा) आवाज येतो. ब्लॉन्डी घाईने भाग जोडतो, काडतुसं भरतो. दारू ठासत बसला असता तर हा प्रसंग जमलाच नसता! त्यामुळे ही चूक मला मनापासून मान्य आहे.

बाकी १८९२ची विंचेस्टर रायफल तर १८८०च्या आसपासच्या कथेतही सर्रास दिसते, 'स्टेजकोच'मध्ये जॉन वेनच्या हातातसुद्धा.