आईच्या चंद्रकळेला कात्री लावू का?

माहुलीकर:
नमस्कार. मी साताऱ्याचा, चौदा वर्षं अमेरिकेत, टेक्सासातल्या डॅलसला आहे. शिवणाची आणि जुन्या साड्यांची जाण असलेल्यांनी कृपया वाचा.

इथे दर वर्षी 'ब्लॅक टाय डिनर' होतं, १९८२ पासून. समलिंगी आणि पारलिंगी लोकांच्या समान हक्कांसाठी निधी उभा करणारं हे जेवण. जमलेला पैसा याच हक्कांसाठी देशभर काम करणाऱ्या ह्यूमन राइट्स कॅम्पेन या संस्थेच्या फाउंडेशनला आणि डॅलसच्या आसपासच्या संस्थांना जातो. ते सुरू झालं तेव्हा टेक्सासात दोन पुरुषांनी चार भिंतींआड प्रेम करणंही गुन्हा होता. ते कलम सुप्रीम कोर्टाने २६ जून २००३ ला रद्द केलं, आणि बरोबर बारा वर्षांनी, २६ जून २०१५ ला, देशभर लग्नाचा हक्क मिळाला. आम्ही २०१६ मध्ये लग्न केलं. साताऱ्याहून कोणी आलं नाही.

यंदा आम्ही मित्रमंडळींनी दहा जणांचं अख्खं टेबल घेतलंय. त्यात चौघे मराठी. दुपारी सगळे आमच्या घरी जमून तयार होणार. नाशिकची मैत्रीण पारलिंगी आहे, ती पहिल्यांदाच चारचौघांत साडी नेसणार आणि तिला नऊवारीच हवी आहे. नागपूरची मैत्रीण तिला नेसवणार. मी आणि माझा नवरा काळ्या टक्सेडोत, म्हणजे गळ्याला बो बांधून घालतात त्या सुटात.

आता मुद्दा. गेल्या महिन्यात आईने ओळखीच्या काकूंबरोबर पिशवी पाठवली. लसणाची चटणी, कंदी पेढे, आणि तळाशी जुन्या धोतराच्या फडक्यात तिची काळी रेशमी चंद्रकळा. नऊवारी, लाल काठ, डांबरगोळ्यांचा वास. चिठ्ठी नव्हती. फोनवर विचारलं तर म्हणाली, "पडून होती. तुमच्या उपयोगाला आली तर बघा." आजवर ती माझ्याशी 'तुझ्या' असंच बोलत आली आहे.

टक्सेडोवर कमरेला जो घड्यांचा पट्टा बांधतात, तो मूळचा आपल्याकडचा कमरबंदच. इंग्रज अधिकाऱ्यांनी हिंदुस्थानात पाहिला आणि उचलला. मला वाटतं आहे, आम्हा दोघांचे कमरबंद आणि बो या चंद्रकळेतून व्हावेत. पण कात्री हातात घेतली की हात थांबतो. कापू का? कापड किती लागेल? जुनं रेशीम तग धरेल का?

शिलाईमशीन (पुणे):
आधी साडी पूर्ण उलगडा आणि खिडकीसमोर धरा. वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलेलं रेशीम आधी घडीवरच चिरतं. उजेडात घडीच्या रेघेवर बारीक छिद्रं दिसली तर ती जागा सोडून कापा. मग एका टोकाला दोन बोटांनी हलकेच ताणून बघा. धागे सरकले किंवा कुरकुरले तर मागून मऊ मलमलीचं अस्तर लावल्याशिवाय पुढे जाऊ नका. मी तर ते तसंही लावेन.

पदराला हात लावू नका. पदराच्या विरुद्ध टोकाचा वारभर तुकडा घ्या, म्हणजे ९१ सेंटिमीटर. नेसताना तो आतच जातो, आणि उरलेल्या आठ वारांतही साडी नेसता येते. तो तुकडा लांबीच्या दिशेने मधोमध दुभागा. दोन्ही भागांना एकेक काठ येईल, तुम्हाला एक आणि तुमच्या यजमानांना एक. काठ खालच्या घडीला ठेवा आणि घड्यांची तोंडं वरच्या बाजूला ठेवा, तीच रीत आहे. मागे इलॅस्टिक. मधल्या उरलेल्या पट्ट्यांतून दोन बो निघतील, त्यांना आतून कॅनव्हास द्या नाहीतर लोळतील.

इस्त्री मंद, वर सुती फडकं. पाणी शिंपडू नका, काळा रंग लाल काठावर उतरेल.

खडा_सवाल:
स्पष्ट लिहितो, राग मानू नका. हक्कांसाठी भारी हॉटेलात भारी कपडे घालून जेवायचं हे मला पटत नाही. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून याच हक्कांसाठी काम करतोय, पुण्यात २००२ मध्ये समपथिक ही संस्था सुरू झाली. तुमच्या टेबलाचे पैसे तिकडे किती उपयोगी पडतील याचा विचार केलात का?

गोदाकाठची:
मी पारलिंगी बाई आहे, नाशिकचीच, म्हणून तुमच्या मैत्रिणीसाठी लिहितेय. तिला सांगा, आदल्या आठवड्यात निदान तीनदा नेसून घरात वावरायचं. जिना चढायचा, खुर्चीत बसायचं, बाथरूमला जाऊन यायचं. काष्टा सुटेल ही भीती मनात असली की माणूस संध्याकाळभर कुणाशी धड बोलत नाही. काष्टा मागे खोचल्यावर आतून दोन मोठ्या सेफ्टी पिना आडव्या लावा. पायात सपाट चप्पल. नथ दाबाची घ्या, पण आधी तासभर घालून बघा, नाकाला सवय लागते.

मी पहिल्यांदा साडी नेसले तेव्हा निऱ्या धरायला कुणी नव्हतं, आरशासमोर एकटीने दोन तास खटपट केली होती. तिला नेसवायला मैत्रीण आहे हे वाचून फार बरं वाटलं.

औदुंबर:
मी तुमच्या आईच्या वयाची असेन. सगळे कापडाचं बोलताहेत, मला दुसरंच दिसतंय. बाळा, काळी चंद्रकळा आपल्याकडे कधी देतात? एरवी काळं शुभकार्याला चालत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सासू नव्या सुनेला काळी साडी देते, हलव्याचे दागिने घालते. जावयालाही हलव्याचा हार, हातात हलव्याचा नारळ. घरात आलेल्या नव्या माणसाचं कौतुक असतं ते.

तुमच्या आईने पैठणी पाठवली नाही, इरकली पाठवली नाही. चंद्रकळा पाठवली. कात्री लावायच्या आधी तिला विचारा, ती तिला कुणी आणि कधी दिली होती.

माहुलीकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. शिलाईमशीन ताई, उजेडात धरली. एका घडीवर चीर आहे, पण ती पदराकडे.

खडा_सवाल, प्रश्न रास्त आहे. माझा पासपोर्ट आता अमेरिकेचा, त्यामुळे परदेशी देणगी घ्यायची नोंदणी असलेल्या संस्थेलाच मला भारतात पैसे देता येतात, आणि ते मी देतो. पण मी ज्या शहरात राहतो तिथल्याही मुलांचं देणं लागतो. राहिले कपडे. साताऱ्यात प्रत्येक लग्नात मी कुणाचा तरी भाऊ, कुणाचा तरी मित्र म्हणून नटलो. स्वतःच्या लग्नाला कोर्टात ऑफिसचा शर्ट घालून गेलो, कारण घरचं कुणी नव्हतं आणि नटावंसं वाटलं नाही. यंदा वाटतंय.

औदुंबर काकू, तुमचं वाचून रात्रभर झोप लागली नाही. सकाळी आईला फोन केला. विचारलं. म्हणाली, "पहिल्या संक्रांतीला सासूबाईंनी दिलेली. तुमच्या लग्नानंतरच्या जानेवारीतच काढून ठेवली होती, मग पाठवायचं धाडस झालं नाही."

म्हणजे २०१७ पासून ती त्या फडक्यात होती.

मी म्हटलं, कापायचा विचार आहे, दोघांसाठी. बराच वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "पदराला लावू नकोस कात्री." आणि थोड्या वेळाने, "कंबर किती त्याची?"

अडतीस, मी सांगितलं.

"मग दीड वार घे. हात आखडू नकोस."