लेन्सवर खाऱ्या पाण्याचे थेंब वाळलेत, पुसू कसे? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

परवा भरतीच्या वेळी खडकांवर फुटणाऱ्या लाटांचे फोटो काढत होते. एक लाट अंदाजापेक्षा जवळ फुटली आणि तुषार थेट लेन्सवर आले. १८-५५ मिमीची झूम लेन्स, पुढे फिल्टर (संरक्षक काच) नाही. घाईघाईत कॅप लावली आणि कॅमेरा पिशवीत टाकला. घरी येऊन पाहते तर थेंब वाळून गेलेले. टॉर्च तिरपा धरला की बारीक पांढरी वर्तुळं दिसतात, कडेला दाट, मध्ये विरळ. त्यात कॅप काढताना अंगठा लागला, त्याचा तेलकट ठसा बरोबर मधोमध.

आजवर ब्लोअरने धूळ उडवायची आणि मायक्रोफायबरने हलकेच पुसायचं, एवढ्यावर भागत होतं. या वेळी ब्लोअरने एकही ठिपका हलला नाही. कोरडं कापड लावायचा धीर होत नाही, मिठाचे कण घासले जाऊन चरे पडतील. ओळखीतल्या एकाने खिडकीच्या काचेचा स्प्रे मारायला सांगितलं, पण त्यात अमोनिया असतो, काचेवरचं कोटिंग (चमक कमी करणारे पातळ थर) जाईल म्हणून थांबले.

घरात लेन्स टिश्यू, लेन्सचं लिक्विड (अल्कोहोलवालं) आणि इस्त्रीसाठी आणलेलं डिस्टिल्ड वॉटर आहे. आधी काय वापरू? माझ्याकडे ही एकच लेन्स आहे हो, प्रयोग करायची हिंमत नाही.

प्रतिसाद १

थांबलात हे फार बरं केलंत. आधी पाणी, मग लिक्विड. मीठ अल्कोहोलमध्ये जवळपास विरघळत नाही. लिक्विडने सुरुवात केलीत तर तेच कण काचेवरून फिरवाल. आणि कोटिंगचा एकेक थर साधारण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा असतो, त्याला घासणं सोसत नाही.

टिश्यूची घडी डिस्टिल्ड वॉटरने ओलसर करा, पाणी टपकता कामा नये. काचेवर नुसती टेकवा, अर्धा मिनिट राहू द्या आणि न घासता सरळ वर उचला. दर वेळी नवा टिश्यू. पाणी काय किंवा लिक्विड काय, थेट काचेवर टाकू नका, कडेच्या फटीतून आत उतरतं. वर्तुळं गेली की दुसऱ्या टिश्यूवर लिक्विडचे एक-दोन थेंब घेऊन ठसा पुसा, मधून बाहेर, गोल गोल, बोटाचा भार न देता.

कॅप विसरू नका! तिच्या आतल्या बाजूला तेच मीठ वाळलेलं असणार. धुऊन पूर्ण कोरडी करा. लेन्सची बाहेरची बाजू ओलसर कापडाने पुसा. झूम रिंग करकरत असेल तर मात्र फिरवू नका, सर्व्हिसला द्या.

मूळ प्रश्नकर्ती

केलं! चौथ्या टिश्यूला वर्तुळं गेली, ठसाही निघाला. रिंग गुळगुळीत फिरतेय. कॅपच्या आत खरंच पांढरी कड होती, हे मला सुचलंच नसतं. खूप आभार. अगदी काठाला एक ठिपका उरलाय, टॉर्चमध्ये दिसतो, फोटोत नाही. परत टिश्यू लावू का?

प्रतिसाद २

राहू द्या. फोटोत दिसत नाही ना, मग त्याच्यासाठी काच पुन्हा पुसू नका.