पाच माणसांसाठी लाकडावर चालणारा बंब: तांब्याचा की जस्ती पत्र्याचा?

प्रश्न: घरात पाच माणसं, विहिरीचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं. जळण म्हणजे तुरकाठ्या, करवंट्या आणि थोडी बाभूळ. अंघोळीचं पाणी तापवायला किती लिटरचा बंब घ्यावा?

उत्तर: ४० लिटरचा पुरे. २० अंशांचं पाणी ६० अंशांवर नेऊन तितकंच गार मिसळलं की ८० लिटर कोमट होतं, म्हणजे माणशी १६. त्याला वाळलेलं लाकूड साधारण दीड किलो लागतं. ओलं असेल तर नुसता धूर. पत्रा स्वस्त, पण आतली जाळाची नळी लवकर गंजते. तांबंच घ्या, मोडीलाही किंमत येते. घेताना बंब भरून तासभर ठेवा, मग मधल्या नळीच्या आतून खालच्या सांध्यावर कोरडं बोट फिरवा. ओलं लागलं तर तो बंब नको.

उत्तर: वापरताना आधी पाणी, मग जाळ. रिकामा पेटवला की सांध्याचा डाग (झाळ) वितळून नळी सुटते. तोटीतून काढाल तेवढं वरून लगेच ओता. तुरकाठ्या भडकन जळून जातात. त्या पेटवणीला, पुढे बाभूळ. करवंटी छान, पण काजळी फार.

प्रश्नकर्ता: आणि आत साचणारे क्षार कसे काढायचे?

उत्तर: लिटरला १०-१५ ग्रॅम लिंबूसत्व, कोमट पाण्यात तीन-चार तास, मग दोनदा खंगाळा. जस्ती बंबात हे करू नका, जस्ताचा थरच जातो. आणि बंब बंद न्हाणीत नको, पडवीत ठेवा. निखाऱ्यांच्या विषारी वायूला वास नसतो.