साहेब : कोर्टातले आणि घरातले (अनुभव धागा)

साताऱ्यात एखादा न्यायाधीश सरळ वागला की लोक त्याला लगेच रामशास्त्री म्हणतात. माहुली इथून जवळच, त्यामुळे ते नाव आमच्या तोंडात बसलंय. गेल्या महिन्यात वारलेल्या साहेबांना मात्र ते अजिबात आवडत नसे. "१७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हा राघोबादादांना तोंडावर दोषी म्हणणारा माणूस तो. माझ्यापुढं रोज बांधाची भांडणं," असं म्हणायचे. मला वाटतं, त्यांची योग्यता त्या बांधाच्या भांडणांतच दिसली. वाळवा तालुक्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा, काही वर्षं वकिली, मग दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर ते जिल्हा न्यायाधीश, आणि निवृत्तीनंतर साताऱ्यात घर. घरच्यांच्या इच्छेप्रमाणे नाव लिहीत नाही. मी त्यांच्यासमोर वकिली शिकले. ज्यांनी त्यांना जवळून पाहिलं त्यांनी लिहावं. नुसती श्रद्धांजली नको, पाहिलेलं सांगा.

निवृत्त लघुलेखक, कराड

१९९८ च्या अधिसूचनेनं खालच्या कोर्टांची भाषा मराठी ठरली, तरी निकाल इंग्रजीत सांगायची सवय बऱ्याच जणांची सुटली नव्हती. साहेब मराठीत सांगायचे. कायद्याचा शब्द अडला तर थांबायचे, मला विचारायचे, "हे गावात कळेल का?" निकालात ज्याच्या विरुद्ध जायचं असेल त्याचं म्हणणं ते सगळ्यात आधी आणि सविस्तर घालत. कारण विचारलं तर म्हणाले, "जो हरणार आहे त्याला निदान एवढं दिसू दे, की त्याचं ऐकून घेतलं होतं." त्यामुळे पानं वाढायची, माझी बोटं दुखायची, पण मी ते काम मनापासून केलं.

वकील, पाटण

पुकारा व्हायच्या आधी ते पट्टेवाल्याला विचारत, लांबून कोण आलंय. कोयनेच्या खोऱ्यातून पहिल्या एसटीनं आलेला साक्षीदार असेल तर त्याची साक्ष आधी. आमच्यातल्या मोठ्या वकिलांना हे रुचायचं नाही. वकिलांच्या घरच्या लग्नाला ते कधी आले नाहीत, दिवाळीचा फराळ दारातून परत जायचा. मला सुरुवातीला हा माणूस कोरडा वाटला होता. पण माझे वडील गेले तेव्हा बदली झालेल्या गावाहून त्यांचं पोस्टकार्ड आलं. तोवर माझी एकही केस त्यांच्यापुढं उरलेली नव्हती.

एक बहीण, माण तालुका

आमचा वाटपाचा दावा होता. वडील २००७ ला वारले, मग भावाभावांत सुरू झालं. शेवटी तडजोडीचा कागद तयार झाला, मीपण सही केली. भावांनी सांगितलं तिथं केली, दुसरं काय. कोर्टात सगळे उभे होतो. साहेबांनी कागद वाचला आणि मला पुढं बोलावलं. "ताई, यात तुमचा हिस्सा किती लिहिलाय?" मला सांगता येईना. धाकटा भाऊ बोलायला लागला, तर म्हणाले, "तुम्हाला नंतर ऐकतो." मग मला समजावून सांगितलं, की २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. सोडायचा असेल तर खुशाल सोडा, पण काय सोडताय ते माहीत असू द्या. पुढची तारीख दिली.

मी घरी येऊन लेकीकडून कागद वाचून घेतला. त्यात माझ्या नावापुढं काहीच नव्हतं. पुढच्या तारखेला मी हिस्सा मागितला. थोरला भाऊ तयार झाला, धाकटा पुष्कळ दिवस बोलला नाही. हुकूम झाला, पण जमिनीला सरकारी शेतसारा लागू असल्यानं प्रत्यक्ष वाटप कलेक्टर कचेरीमार्फत व्हायचं असतं, त्यात वर्षं गेली. आज सातबाऱ्यावर माझं नाव आहे. आता त्यात डाळिंब आहे.

थोरली मुलगी

तुम्ही सगळ्यांनी अप्पांचं कोर्ट सांगितलंत, मी घर सांगते. दर तीनेक वर्षांनी बदली, त्यामुळे आम्हा भावंडांच्या शाळा सतत बदलल्या. आई शिक्षिका होती. दुसऱ्या बदलीनंतर तिनं नोकरी सोडली. पाहुणे तिचं कौतुक करायला लागले की अप्पा सरळ म्हणायचे, "तिची नोकरी माझ्यामुळे गेली." आई म्हणायची, जाऊ द्या. ते जाऊ द्यायचे नाहीत. निवृत्तीनंतर आईनं घरीच शिकवण्या सुरू केल्या, तेव्हा सकाळचा चहा, भाजी चिरणं, वह्या आणून देणं हे सगळं त्यांनी स्वतःकडे घेतलं. भाकरी थापायलाही शिकले, आणि बऱ्या जमायच्या.

सेशन्स कोर्टात असताना खुनाच्या खटल्याचा निकाल असला की पहाटे उठून साक्षी पुन्हा पहिल्यापासून वाचायचे. त्या दिवशी घरात रेडिओ लागत नसे. ते कधी काही बोलले नाहीत, आणि आम्ही विचारलं नाही. आमच्या भांडणात मात्र निवाडा करायला साफ नकार. "इथं आईचं कोर्ट," म्हणायचे.

विधी शाखेची विद्यार्थिनी, सातारा

ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, त्या आठवड्यात मी आजोबांकडे गेले होते (आम्ही शेजारी, मी आजोबाच म्हणायची). फार खूश होते. जत, आटपाडीच्या माणसाला अपिलासाठी मुंबई गाठायला नको, हेच पुन्हा पुन्हा सांगत होते. मला अभ्यासाला त्यांनी एका जुन्या दाव्यातला कोर्ट कमिशनरचा (कोर्टानं जागेची पाहणी करायला नेमलेल्या माणसाचा) अहवाल दिला, नावं खोडलेला. मी कलमं सांगायला लागले, तर म्हणाले, "आधी नकाशात विहीर दाखव." मला सापडेना. मग दोघांनी मिळून पुन्हा पाहिलं. विहीर बरोबर दोन्ही हिश्श्यांच्या बांधावर होती, आणि पाण्याची पाळी कुणाची कधी, याबद्दल अख्ख्या अहवालात एक ओळ नव्हती.